टाळूवरचा निळसर ठिपका आणि थांबलेल्या तारा

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कारण चार दिवस धड झोप नाही आणि घरात जितकी माणसं तितकी मतं.

लेक १९ वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. वरचे पुढचे दात बाहेर आहेत. ओठ मिटायला गेली की हनुवटीवर खळगे पडतात, आणि खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकतो. लहानपणीच न्यायला हवं होतं, पण आधी दुधाचे दात पडू देत म्हटलं, मग दहावी आली, मग बारावी. या सुट्टीत तिनेच सांगितलं, आई, मला तारा लावायच्याच आहेत.

इथे साताऱ्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे महिन्यातून दोनदा एक ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणाऱ्या डॉक्टर) मॅडम येतात. त्यांनी ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) काढला, चेहऱ्याचा बाजूने सेफॅलोग्राम (एक्स-रे, थोडक्यात सेफ) काढला, दातांची मापं घेतली आणि तोंडाचे आतून-बाहेरून फोटो काढले. वरचे दात खालच्यांच्या ८ मिलिमीटर पुढे आहेत. सेफच्या कागदावर जबड्यांचे कोन लिहिलेत: एसएनए (वरचा) ८२, एसएनबी (खालचा) ७७, एएनबी (दोन्हींतला फरक) ५. वरच्या दोन उपदाढा (सुळ्यांमागचे दात) काढायच्या, खालचे दात न काढता सरळ करायचे, आणि मागच्या दाढा पुढे सरकू नयेत म्हणून टाळूला टेकणारं 'नान्स बटण' बसवायचं, असं ठरलं. दात काढायची तारीखही मिळाली.

मग कॉम्प्युटरवर फोटो बघता बघता मॅडम थांबल्या. टाळूच्या पुढच्या भागात, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे एक निळसर-काळा ठिपका. मसुराच्या दाण्याएवढा. त्यांनी लेकीला परत खुर्चीत बसवलं, ठिपका मोजला तर ५ मिलिमीटर भरला. काचेची पट्टी दाबून पाहिली, रंग फिका झाला नाही. म्हणाल्या, "याचं उत्तर मिळेपर्यंत मी एकही दात काढायला सांगणार नाही. बायोप्सी करून घ्या."

सासूबाई म्हणतात, आपल्या घरात सगळ्यांच्याच हिरड्या काळ्या, त्यात काय एवढं. ह्यांनी लेकीला दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं, तिथे पाच मिनिटांत सांगितलं की चांदी भरल्याचा डाग आहे, आपण लगेच तारा लावू. पण तिच्या वरच्या एकाही दातात कधी चांदी भरलेलीच नाही! हे मी सांगितलं तर त्यांनी विषय बदलला.

बायोप्सी खरंच करावी का? तुकडा काढल्याने काही पसरतं का? आणि हे सगळं नीट निघालं तर उपदाढा काढून चेहरा बसतो म्हणतात, ते खरं का?

रानजाई

ओंजळताई, मॅडम थांबल्या हे किती चांगलं झालं. तज्ज्ञ मंडळी लिहितीलच. लेकीला सगळं सांगितलंय ना? १९ वर्षांच्या मुलीपासून लपवू नका, ती नेटवर भलतंच वाचत बसेल.

करवीरकाठ

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, कोल्हापुरात १७ वर्षं. तुमच्या मॅडमनी जे केलं त्याचं मोल सांगतो, कारण ते बाहेरून लक्षात येत नाही.

नान्स बटण म्हणजे दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढांना कड्या, त्यांना जोडणारी तार, आणि त्या तारेच्या पुढच्या वळणावर ॲक्रिलिकचा नाण्याएवढा गोळा. हा गोळा टाळूच्या पुढच्या उंचवट्यांवर टेकतो. म्हणजे लेकीचा ठिपका आहे नेमका तिथेच. कड्या सिमेंटने चिकटवल्या की ते वर्षभर तरी निघत नाही. खाली टाळूचं अस्तर लाल होतं, थोडं सुजतं, अन्न अडकतं. वर्षाने बटण काढल्यावर ठिपका मोठा दिसला असता, तर तो खरोखर वाढला की दाबाने तसा दिसतोय, हे सांगायला कुणाकडे काही आधार उरला नसता. सगळ्यात वाईट म्हणजे मधलं वर्ष तो कुणाला दिसलाच नसता.

आमच्याकडे येणारा रुग्ण दात दाखवायला येतो, आणि आपणही दातच बघत बसतो. ठसे, सेफ, ओपीजी हे सगळं दात आणि हाडांचं. ओठ, गाल, जीभ, टाळू, जिभेखालची जागा बघायला दोन मिनिटं लागतात. फोटोही फक्त दातांचे नसावेत, टाळूचा आरशातून घेतलेला फोटो हवाच. तारा सुरू होण्याआधीचा तो फोटो पुढे दहा वर्षं उपयोगी पडतो, कारण डाग नवा की जुना हा प्रश्न आला की साक्षीदार तोच.

चेहरा बसण्याबद्दल उद्या लिहितो. आधी बायोप्सी.

सूक्ष्मदर्शी

मी ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या आजारांचं निदान) शिकवते. असे नमुने आमच्या टेबलावर येतात, म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आपल्याकडे सावळ्या माणसांच्या हिरड्यांवर तपकिरी-काळा पट्टा असणं ही नैसर्गिक गोष्ट. पण त्याची चाल ओळखता येते. तो लहानपणापासून असतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, बहुतेक हिरडीच्या घट्ट भागात असतो, आणि हिरडीचा पोत बदलत नाही. लेकीचा ठिपका एकटा आहे, एका बाजूला आहे आणि टाळूवर आहे. तो त्या घरच्या वारशात बसत नाही.

काचेची पट्टी कशासाठी? डाग रक्तवाहिन्यांचा असेल तर दाबल्यावर रक्त बाजूला सरकून तो फिका पडतो. फिका पडला नाही म्हणजे रंग पेशींमध्ये किंवा ऊतीत साठलेला आहे, किंवा बाहेरून गेलेला आहे.

बाहेरून जाणाऱ्यात चांदीच्या फिलिंगचा डाग सगळ्यात जास्त दिसतो. फिलिंग करताना किंवा ते घासून काढताना बारीक कण हिरडीत रुततात आणि वर्षानुवर्षं राखाडी-निळे दिसत राहतात. एक्स-रेमध्ये कधी पांढरे कण दिसतात, पण कण फार बारीक असले तर काहीच दिसत नाही, त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर हो किंवा नाही म्हणता येत नाही. तुमच्या लेकीच्या वरच्या दातात चांदीच नाही, तेव्हा ते निदान कशाच्या जोरावर केलं हे मला कळलं नाही. शाळकरी वयात पेन्सिल तोंडात घेऊन पडल्याने शिसाचं टोक टाळूत मोडूनही असा डाग राहतो. तिला आठवतंय का विचारा.

आता रंगाबद्दल. मेलॅनिन, म्हणजे रंगपेशींतला रंग, तपकिरी. ते अस्तराच्या वरच्या थरात असेल तर डाग तपकिरीच दिसतो. खोल असेल तर तांबड्या बाजूचा प्रकाश आत जाऊन शोषला जातो आणि निळा विखरून परत येतो, म्हणून डाग निळा दिसतो. त्यामुळे निळसर ठिपका बघून मला पहिल्यांदा खोल बसलेल्या रंगपेशी आठवतात. टाळूवर 'ब्लू नीव्हस' नावाचा निरुपद्रवी तीळ असतो तो असाच.

मग बायोप्सी कशाला? कारण तोंडातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर), जो फार दुर्मिळ आहे आणि १९व्या वर्षी तर अगदीच विरळा, तो सर्वाधिक टाळूवर आणि वरच्या हिरडीवरच होतो. सुरुवातीला तो दुखत नाही, रक्त येत नाही, सपाट डाग असतो. उशिरा सापडला तर हातात फार थोडं उरतं. टाळूवरच्या एकट्या, कारण न सापडलेल्या रंगीत डागाचं उत्तर नुसत्या डोळ्यांनी देऊ नये, हा आमच्या विषयाचा जुना नियम आहे. ५ मिलिमीटरचा डाग असेल तर नमुना म्हणून कोपरा कापत बसत नाहीत, थोड्या कडेसह पूर्ण काढतात. निदान आणि उपचार एकदमच होतात.

पारिजात

माझा अनुभव. पुढच्या दाताला रूट कॅनाल फसलं म्हणून मुळाचं टोक कापून तिथे चांदी भरली होती, १९९८ साली. नंतर वरच्या हिरडीवर राखाडी डाग उमटला. मुलाच्या लग्नाच्या आधी मी घाबरून कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत जाऊन आले. एक्स-रेमध्ये मुळापाशी कण स्पष्ट दिसले, तिथेच विषय संपला. पण मला कारण माहीत होतं. तुमच्याकडे कारणच नाही, तेव्हा करून घ्या.

नदीकाठचा

माफ करा, पण मी वेगळं लिहिणार. माझ्या मामांच्या गालातल्या गाठीला सुई लावली आणि तीन महिन्यांत ते गेले. तुकडा काढला की चवताळतं, हे गावाकडे सगळे म्हणतात ते उगाच नाही.

सूक्ष्मदर्शी

नदीकाठचे दादा, मामांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं दुःख खरं आहे, म्हणून खोडून काढायच्या सुरात नाही लिहीत. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे फार उशिरा येतात. गाठ दिसेपर्यंत तो मानेच्या गाठींपर्यंत गेलेला असतो. बायोप्सी होते त्या आठवड्यात घरच्यांना पहिल्यांदा नाव कळतं, आणि पुढे जे घडतं ते सुईच्या नावावर जमा होतं. वेग आजाराचा असतो. तुकडा न घेता वाट बघितल्याने गेलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत.

नदीकाठचा

ते दोन वर्षं गालात गुटख्याची गोळी धरत होते आणि तोंड उघडत नव्हतं, हेही खरं आहे. लिहायचं राहिलं.

भीमथडी

थोडं वेगळं, पण याच विषयातलं. मी २६ वर्षांचा असताना दात सरळ करायला गेलो होतो. डॉक्टरांनी गालाच्या आतल्या बाजूला पसरलेले तपकिरी पट्टे बघितले आणि मला तळहात दाखवायला सांगितले. तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. वजन ९ किलोने उतरलं होतं, उठताना चक्कर यायची, आणि मी जेवणात वरून मीठ घ्यायला लागलो होतो. मला वाटत होतं नोकरीचा ताण.

त्यांनी तारांचं बाजूला ठेवून मला फिजिशियनकडे पाठवलं. सकाळचं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन) तळाला होतं. अ‍ॅडिसन्स डिसीज. दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी टीबीने खाल्लेल्या. या ग्रंथी काम करेनाशा झाल्या की मेंदूतली पिट्यूटरी जास्तीचं एसीटीएच हे हार्मोन सोडत राहते, आणि ते रंगपेशींनाही जागं करतं, म्हणून माणूस काळवंडतो असं मला समजावलं होतं. टीबीचे उपचार झाले, हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र आयुष्यभर.

दोन वर्षांनी तारा लावल्या. दाढ काढायची होती तेव्हा एन्डोक्राइनच्या डॉक्टरांनी त्या दिवसाचा स्टिरॉइडचा डोस वाढवून दिला होता. हे डेंटिस्टला सांगितलं नसतं तर खुर्चीतच कोसळलो असतो, असं ते म्हणाले. तेव्हा तारांच्या आधी भरायचा फॉर्म असतो ना, कोणते आजार, कोणत्या गोळ्या, तो नुसत्या टिकमार्क करून देऊ नका.

सुगरण

गोळ्यांवरून आठवलं. माझ्या भाच्याला मुरुमांसाठी मिनोसायक्लिन बरेच महिने दिली होती. त्याच्या हिरड्यांमागे निळसर झाक आली. तीही टाळूवर दिसू शकते का? लेकीला मुरुमं आहेत का?

सूक्ष्मदर्शी

हो, चांगला मुद्दा. मिनोसायक्लिन हाडात साठतं आणि पातळ अस्तरातून निळं-राखाडी दिसतं. संधिवातासाठीच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विननेही टाळू निळसर पडतो. पण औषधांचा रंग बहुधा पसरट असतो, कडा स्पष्ट असलेला एकटा ठिपका नसतो. लहान मुलांच्या ओठांभोवती आणि गालात बारीक तपकिरी ठिपके असतील आणि पोटात वारंवार कळा येत असतील, तर मात्र आतड्यातल्या गाठींचा विचार करावा लागतो. त्याला पॉइट्झ-येगर्स म्हणतात आणि ते घराण्यात चालतं. तारांसाठी ओठांचे फोटो काढताना कुणाला ते दिसलं तर मुलाचं पोट वाचतं.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. पेन्सिलचं काही आठवत नाही म्हणते, मुरुमांच्या गोळ्या कधी घेतल्या नाहीत, वजन-बीपी व्यवस्थित. परवा बायोप्सी ठरलीय. सूक्ष्मदर्शीताई, एक विचारू? सासूबाई पन्नास वर्षं मशेरी लावतात. त्यांच्या हिरड्या काळ्या त्यामुळेच असतील ना?

सूक्ष्मदर्शी

काही भाग नैसर्गिक असेल, काही मशेरीचा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने हिरडीतल्या रंगपेशी जास्त रंग तयार करतात. माझी काळजी काळ्या रंगाची नाही, पांढऱ्याची आहे. जिथे मशेरी दाबली जाते तिथे ओठाच्या आत किंवा गालात पांढरा चट्टा, खडबडीतपणा, लाल जागा, न भरणारा फोड आहे का बघा. लेकीबरोबर त्यांनाही खुर्चीत बसवा. नाही म्हणतील, पण नातीसाठी आल्या तर बसतील.

करवीरकाठ

राहिलेलं लिहितो. चेहरा बसतो का?

हा वाद आमच्या विषयाएवढाच जुना. अमेरिकेत १९११ साली केल्विन केस यांनी काही रुग्णांत दात काढणं योग्य असं मांडलं, तेव्हा एडवर्ड अँगल यांच्या अनुयायांनी रान उठवलं. अँगलांचा आग्रह सगळे दात ठेवायचे. पुढे अँगलांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं की दात न काढता सरळ केलेले आपलेच रुग्ण पुन्हा बिघडतायत, ओठ पुढे येतायत. त्यांनी त्यांच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले. तेव्हा काढणं चूक किंवा बरोबर असं सरसकट नसतं, चेहरा बघून ठरतं. नाक आणि वरच्या ओठातला कोन आधीच उघडा असेल आणि ओठ पातळ असतील, तर दात मागे नेल्यावर चेहरा म्हातारा दिसतो. तुमच्या लेकीचे ओठ मिटत नाहीत, हनुवटी ताणली जाते. तिला तो ताण सुटण्याचाच फायदा आहे.

एसएनए ८२ म्हणजे वरचा जबडा जागेवर आहे, एसएनबी ७७ म्हणजे खालचा थोडा मागे. वाढीच्या वयात खालचा जबडा पुढे आणायला ट्विन ब्लॉकसारखं उपकरण देता आलं असतं. ते वय गेलं म्हणून स्वतःला बोल लावू नका, त्या उपकरणांचाही बराचसा परिणाम दातांवरच होतो. आता एक मार्ग खालचा जबडा शस्त्रक्रियेने पुढे आणण्याचा, दुसरा दात मागे नेऊन झाकण्याचा. एएनबी ५ असताना मी दुसराच निवडला असता.

हिशेब बघा. एक उपदाढ काढली की बाजूला ७ मिलिमीटर जागा मिळते. ८ मिलिमीटरचं अंतर अडीचवर आणायला साडेपाच लागतात. वरचे दात थोडे वाकडे असतीलच, त्यात बाजूला एखादा जातो. उरला अर्धा. म्हणजे मागची दाढ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आली की योजना फसली, म्हणून मॅडमनी बटण निवडलं होतं. ठिपका काढल्यानंतर टाळूची जागा मोकळी आणि दिसती ठेवायची असेल, तर बटणाऐवजी दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमध्ये गालाच्या बाजूने हाडात बसणारे दोन मिनी-स्क्रू लावता येतात. मॅडमना विचारून बघा, त्यांच्या मनात असेलही.

ओंजळ

बायोप्सी झाली. भूल देताना टाळूला टोचलं तेव्हा ती कळवळली, बाकी काही नाही. ठिपका पूर्ण काढला, टाके नाहीत, जखमेवर औषधाचा लेप आणि वर पातळ प्लेट. तीन दिवस गार दूध, पेज, मऊ भात. रिपोर्टची वाट बघतोय. देवासमोर बसले की काय मागायचं तेच सुचत नाही.

रानजाई

आम्हीही वाट बघतोय, ताई.

ओंजळ

रिपोर्ट आला. ब्लू नीव्हस. कॅन्सर नाही!

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दोघी रडलो. मग तिने उभ्या उभ्या भेळ खाल्ली, टाळूला झोंबली तरी.

रिपोर्टमध्ये लिहिलंय की अस्तराच्या खाली खोलवर लांबट, फांद्या फुटलेल्या रंगपेशी आहेत, पेशींचं विभाजन दिसत नाही, कडा मोकळ्या आहेत. सूक्ष्मदर्शीताई, कडा मोकळ्या म्हणजे सगळं निघालं ना?

सूक्ष्मदर्शी

हो, सगळं निघालं. या तिळाचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं जवळजवळ ऐकायला मिळत नाही. रिपोर्टचा कागद आणि आधीचा फोटो मात्र फाइलमध्ये जपून ठेवा. नमुन्याची काचपट्टी आणि नमुना जपलेला मेणाचा ठोकळा लॅबकडे असतो, पुढे कधी कुणी दुसरं मत मागितलं तर तो लागतो.

करवीरकाठ

फार आनंद झाला. टाळू भरायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर दात काढायची घाई नको, एका वेळी एकच जखम. ठसे पुन्हा घ्या, प्लेटच्या आधीचे चालणार नाहीत असं नाही, पण टाळूचा आकार थोडा बदललेला असतो.

ओंजळ

मॅडमशी बोलले. त्यांनी मिनी-स्क्रूच ठरवलेत, आणि दर सहा महिन्यांनी टाळूचा फोटो घेणार म्हणाल्या. उपदाढा पुढच्या महिन्यात निघतील, म्हणजे सेमिस्टरची परीक्षा मध्ये येणार नाही.

आणि सासूबाई आल्या होत्या बरोबर. नातीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. डाव्या गालात पांढरा चट्टा निघाला, दोन सेंटिमीटरचा. परतीच्या एसटीत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मशेरीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, कुठे टाकायचा तो टाक, मला दाखवू नकोस. मंगळवारी त्यांची बायोप्सी आहे. लेक पुण्याहून सुट्टी काढून येतेय, आजीबरोबर आत मीच जाणार म्हणते.